वास : नाही

रसायनशास्त्र विभागात बावीस वर्षं बाटल्या भरणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. विद्यार्थी म्हणत, प्राध्यापक म्हणत, पगारपत्रक करणारा कारकूनही म्हणे. हुद्दा होता प्रयोगशाळा सहायक, पण तो कागदावर. काच तडकली, द्रावण गढूळ झालं, बर्नर फुसफुसायला लागला, की हाक जायची ती 'मावशी' अशीच.

तिची शाळा अर्ध्यावर सुटलेली. पण आधीच्या विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी तिला हाताशी धरून शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की जिला भांडी घासता येतात तिला रसायन करता येतं, कारण निम्मं रसायन म्हणजे स्वच्छता. त्या निवृत्त झाल्या तोवर मावशी तीसेक पदार्थ स्वतःच्या हाताने करत होती. मग नवे विभागप्रमुख आले. त्यांचा भर वह्यांवर. कपाटातल्या पदार्थापेक्षा कपाटाच्या यादीवर त्यांचा जीव.

त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मावशीने परीक्षेचं कपाट उघडलं. या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एक पांढरी भुकटी देतात, बाटलीवर फक्त आकडा, आणि ती काय आहे ते त्याने तपासून ओळखायचं. सहा बाटल्या, सहा पदार्थ. पाच ठीक होते. बिघडलं होतं ते ॲसिटामाइड. अगदी साधा पदार्थ, व्हिनेगरमधलं आम्ल आणि अमोनिया यांच्या संसारातून झालेलं लेकरू. पण त्याला एक खोड असते. हवेतलं पाणी ते पिऊन घेतं. बाटलीचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं, आणि आत आता ओलसर पिवळट गोळा बसला होता. वर वास. माळ्यावरच्या जुन्या गाद्या काढाव्यात आणि खाली उंदरांनी चार पिढ्या काढलेल्या निघाव्यात, तसा.

ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

"सर, ॲसिटामाइड गेलंय."

"वास येतोय ना?"

"वासच येतोय."

"मग झालं. पुस्तकात तेच लिहिलंय, उंदरासारखा वास. उलट मुलांना ओळखायला सोपं."

"मेल्टिंग पॉइंट सत्तरच्या खाली येतोय, सर. ऐंशीला यायला पाहिजे. जो नीट मोजेल तोच फसेल."

नवी बाटली मागवायची तर दोन महिने लागणार होते. मावशी म्हणाली, मी करते इथे, सामान आहे सगळं. विभागप्रमुखांनी वहीतून मान वर केली. "मावशी, तुमचं काम भरायचं. करायचं नाही."

ती विसरली नाही. आठवड्याने त्यांनीच विचारलं, सहाही बाटल्या तयार आहेत का. ती म्हणाली, पाच आहेत. ते म्हणाले, सहा लागतात. ती म्हणाली, ते मला माहीत आहे. शेवटी सरांनी हात झटकला. "करा काय करायचं ते. मला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने वायू बाहेर ओढणाऱ्या धुराच्या कपाटात मांडणी केली. फ्लास्कमध्ये तीव्र ॲसिटिक आम्ल घेतलं, त्यात अमोनियम कार्बोनेट चिमूट चिमूट टाकत गेली. घाई केली की फेस उतू जातो, म्हणून हात आखडता. फसफस थांबली तसा मंद आच दिली. यातून आधी पाणी निघतं, थेंब थेंब, आणि थर्मामीटर शंभराच्या जरा वर अडून बसतो. अधीर माणूस इथेच आच वाढवतो आणि सगळं घालवून बसतो. मावशीने स्टूल ओढलं, फाटका लॅबकोट घेतला आणि त्याची बटणं लावत बसली. दुपारपर्यंत पाणी निघत राहिलं. मग पारा चढायला लागला, दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे. तिने वाफ उतरवणाऱ्या नळीभोवतीचं गार पाणी बंद केलं, कारण थंड नळीत हा पदार्थ आतच गोठतो आणि वाट बंद करतो. तरी एकदा गोठलाच. बर्नरची ज्योत नळीवरून हलकेच फिरवल्यावर सुटला. दोनशेवीसच्या आसपास बिनरंगी तेलासारखं काही खाली उतरलं आणि काचेच्या पेल्यात बघता बघता पांढरं घट्ट झालं.

वास होताच. उंदरांचाच, पण कमी.

ती थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण मोठ्या बाईंचं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं होतं: वास ॲसिटामाइडचा नसतो, त्यातल्या मळाचा असतो. तिने ते गरम इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवलं, गाळलं, गार होऊ दिलं. सुयांसारखे स्फटिक धरले. पुन्हा तेच केलं. दुसऱ्या खेपेला वाळवून नाकाशी धरलं तर काही नाही. स्वच्छ काचेला येईल तेवढाच वास. मेल्टिंग पॉइंट घेतला, ऐंशी. तिने ते कोरड्या बाटलीत भरलं, झाकणाभोवती मेण लावलं, वर आकडा टाकला, चार.

परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले ते साधे गृहस्थ नव्हते. प्रात्यक्षिकाचं त्यांनी लिहिलेलं गाइड प्रत्येक विद्यार्थ्याच्या पिशवीत असायचं, आणि परीक्षकांना ते ठाऊक असायचं. तोंडी परीक्षेत पोरं त्यांचीच वाक्यं त्यांना म्हणून दाखवत आणि ते खूश होत.

चार नंबरची बाटली तिघांच्या वाट्याला आली. त्यातली एक होती डावरी. डाव्या हाताने सगळं करायची म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. कमी बोलायची. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून ही पोर संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळेतच अभ्यास करायची आणि जाताना न सांगता स्वतःची भांडी स्वतः धुवायची. मावशीच्या लेखी माणूस पारखायला एवढं पुरे होतं.

डावरीने भुकटी बघितली, हुंगली, पुन्हा हुंगली. मेल्टिंग पॉइंट तीनदा घेतला. कॉस्टिक सोड्याबरोबर तापवल्यावर नळीच्या तोंडाशी धरलेला लाल लिटमस निळा झाला, म्हणजे अमोनिया. उरलेल्यात आम्ल घातल्यावर व्हिनेगरचा वास सुटला. तिने उत्तर लिहिलं: ॲसिटामाइड. आणि वर, 'वास' या रकान्यात लिहिलं: नाही.

बाकीच्या दोघांनी त्या रकान्यात लिहिलं होतं, उंदरासारखा.

तोंडी परीक्षा प्रयोगशाळेतच, खिडकीशी टेबल टाकून होती. मावशी शेजारच्या बेसिनवर नळ्या धूत होती. परीक्षकांनी डावरीचा कागद उचलला आणि त्यांची भुवई वर गेली.

"ॲसिटामाइड म्हणतेस. आणि वास नाही?"

"नाही, सर."

"ॲसिटामाइडची पहिली ओळख कुठली?"

"गाइडमध्ये उंदरासारखा वास दिलाय, सर. पण याला नाही."

"गाइड कुणी लिहिलंय?"

"तुम्ही, सर."

परीक्षकांनी बाटली उघडायला लावली, स्वतः नाकाशी नेली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "आहे की. स्पष्ट आहे. पुन्हा हुंग."

डावरीने हुंगलं. "नाही येत, सर."

"आता खोडून दुरुस्त केलंस तर मी बघितलं नाही असं समजेन."

नळ चालू होता, मावशीचे हात थांबले होते. पोरीने खालचा ओठ दाताखाली धरला. मग म्हणाली, "मला आला नाही तो मी कसा लिहू?"

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. विभागप्रमुखांकडे वळून ते अगदी शांतपणे म्हणाले, "हिला खरी खूण कळली नाही, तरी उत्तर बरोबर आलं. याचा अर्थ एकच. उत्तर तपासणीतून आलेलं नाही, कुणीतरी सांगितलंय. बाटल्यांत काय आहे ते कुणाकुणाला माहीत असतं?"

"मला," विभागप्रमुख म्हणाले. आणि मग बेसिनकडे बघत, "आणि मावशींना."

डावरीच्या कागदावर लाल शाईत शेरा पडला: गैरप्रकाराचा संशय. चार नंबरच्या बाटलीतली चिमूटभर भुकटी कागदी पाकिटात घालून, लाख लावून, पुरावा म्हणून ठेवली गेली.

त्याच दुपारी विभागप्रमुखांनी मावशीला खोलीत बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, की परीक्षेच्या तयारीत अनवधानाने एका विद्यार्थिनीसमोर पदार्थाचं नाव माझ्या तोंडून गेलं असण्याची शक्यता आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.

"असण्याची शक्यता आहे, एवढंच म्हटलंय," ते समजुतीने म्हणाले. "सही करा. तुम्हाला तोंडी समज देऊ. मुलीला काठावर पास करू. परीक्षकांचा मान राहील. आठवड्यात कुणाला आठवणारही नाही."

"तिला आठवेल, सर."

"मावशी, मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

"ते कळतंय. पण माझ्या तोंडून काही गेलेलं नाही."

"सिद्ध कसं करणार? ती म्हणणार तुम्ही सांगितलं नाही, तुम्ही म्हणणार तिला सांगितलं नाही. उंदराला मांजर साक्ष."

मावशी म्हणाली, "उंदीरच तर नाहीये त्या बाटलीत. सगळं भांडण त्याचंच आहे." आणि कागद तसाच ठेवून बाहेर आली.

घरी तिचा नवरा पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन घेऊन बसलेला असायचा. तो शिंपी, दिवसभर लोकांची मापं घेतलेला, त्यामुळे बायकोच्या चेहऱ्याचं माप त्याला दारातूनच मिळालं. त्याने मशीन थांबवलं. तिने चप्पल काढता काढता सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, पण पाण्याचा पेला तिने दोनदा भरला आणि दोन्ही वेळा न पिता ठेवला.

"सही केली नाहीस ना?"

"नाही."

"मग आता काय करतील?"

"काढतील फार तर. सात वर्षं राहिलीत माझी."

त्याने दोरा दाताने तोडला. "सगळं उसवायला निघालीस तर मधेच सोडू नकोस. अर्धवट उसवलेला कपडा ना घालता येतो, ना परत शिवता येतो."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण तू त्या कागदावर सही करून आलीस तर घरात तुझ्याबरोबर जेवायला बसायचं कसं, याची जास्त वाटते. तू वर्षभर कण्हत बसशील. ते ऐकायचं मलाच आहे."

ती हसली नाही, पण पाणी प्यायली. मग विचारलं, "अहो, मला एक सांगा. मी ते दोनदा धुतलं नसतं, थोडा वास राहू दिला असता, तर त्या पोरीवर ही वेळ आली नसती. चूक माझीच नाही का?"

"स्वच्छ केलंस ही चूक?" तो म्हणाला. "उद्या मला म्हणशील, टाके सरळ घातले म्हणून माफी मागा."

सकाळी ती विभागात गेलीच नाही. सरळ प्राचार्यांच्या दारात उभी राहिली. प्राचार्यबाईंचा विषय इतिहास. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध कपड्यावरचे डाग काढण्यापुरता. त्यांनी मावशीला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"माझ्यावर आणि एका मुलीवर आळ आलाय," ती म्हणाली. "मला माफी नको, सवलत नको. प्रयोगशाळेत एक दिवस द्या. परीक्षक आहेत, सर आहेत, तुम्ही या. मी दाखवते."

"काय दाखवणार?"

"ते खरोखर ॲसिटामाइड आहे, आणि त्याला वास नाही. या दोन गोष्टी दिसल्या की पोरीने तपासूनच लिहिलं हे आपोआप दिसतं. नाव कुणी सांगितलं असतं तर तिने गाइड उघडून वासही लिहिला असता. बाकी दोघांनी लिहिलाय तसा."

प्राचार्यबाईंनी आयुष्यभर कागदपत्रांतली खोटी साक्ष शोधायचं काम केलं होतं. शेवटचं वाक्य त्यांना बरोबर लागलं. त्यांनी फोन उचलला.

दहा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. परीक्षक नाराज होते, त्यांची दुपारची गाडी होती. विभागप्रमुख भिंतीशी उभे. डावरीला बोलावलं होतं, ती दाराजवळच थांबली.

मावशीने तीन काचेच्या बशा मांडल्या, त्यांवर एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या. कुठल्या बशीत काय, ते तिने प्राचार्यबाईंच्या हाती बंद कागदात दिलं. "सर, कशाला उंदराचा वास येतो ते सांगा."

परीक्षक चिडून म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?" पण प्राचार्यबाई बघत होत्या. त्यांनी हुंगलं. पहिल्या बशीशी त्यांनी नाक मागे घेतलं. "येतो. चांगलाच येतो." दुसरी हुंगली. तिसरी हुंगली. पुन्हा दुसरी. "या दोन्हींना नाही."

प्राचार्यबाईंनी कागद उघडून वाचला. "पहिली, कपाटातलं जुनं ॲसिटामाइड. दुसरी, परीक्षेच्या चार नंबरच्या बाटलीतलं, मावशींनी इथे तयार केलेलं. तिसरी, साखर."

परीक्षकांचे कान लाल झाले. पण मुरलेला माणूस होता, लगेच सावरला. "मग सिद्ध काय झालं? चार नंबरच्या बाटलीत ॲसिटामाइड नव्हतंच. यांनी घरगुती काहीतरी करून भरलं. म्हणजे उत्तर तर आणखीच सांगितलेलं."

"मेल्टिंग पॉइंट घ्या," मावशी म्हणाली.

"बाटलीतून नाही. बाटली तुमच्या ताब्यात होती. सीलबंद पाकिटातून."

"पाकिटातून घ्या."

लाख फोडली. परीक्षकांनी स्वतः नळी भरली, तेलात थर्मामीटरला बांधली, स्वतः बर्नर लावला. सगळे वाकून बघत होते. साठला काही नाही. अडुसष्टला भुकटी आत आत ओढल्यासारखी झाली. एकाहत्तरला वितळायला लागली, पंचाहत्तरला पाणी.

"बघा," परीक्षक म्हणाले आणि बर्नर बंद केला.

दाराजवळ डावरीने डोळे मिटून घेतले. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं. मावशीने मात्र पाकीट उचललं आणि बोटांनी चाचपलं. कागद मऊ लागला. आतली भुकटी कडांना चिकटली होती.

"हे रात्रभर कागदात होतं," ती म्हणाली. "ओलं झालंय. या पदार्थाला कागदात ठेवतात का कुणी, सर? हवेतलं पाणी ओढून घेतं ते. तुमच्या गाइडमध्येही आहे, वासाच्या खालच्याच ओळीत."

डावरी दारातून हळूच म्हणाली, "पान चौऱ्याहत्तर."

परीक्षक तिच्याकडे वळले. ओळ त्यांचीच होती.

"वाळवून पुन्हा घ्या," मावशी म्हणाली. "मी हात लावत नाही. तुम्हीच ठेवा, तुम्हीच कुलूप लावा."

"माझी गाडी आहे."

"गाडी चुकेल," प्राचार्यबाई म्हणाल्या. त्यांनी एक उंच स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसल्या. "मला इतिहासाने एवढं शिकवलंय, की घाईत लिहिलेला शेरा शंभर वर्षं खोडता येत नाही. थांबू या."

पाकिटातली भुकटी पसरट बशीत घालून जाड काचेच्या भांड्यात ठेवली, खाली पाणी शोषणारं कॅल्शियम क्लोराइड. पंप लावून आतली हवा काढली. खोलीला कुलूप, किल्ली प्राचार्यबाईंच्या पर्समध्ये. चार तास सगळे बाहेरच्या वऱ्हांड्यातल्या बाकांवर बसले. मधे मावशीने डावरीला डबा उघडून दिला. पोरीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मावशी, मी 'येतो' लिहिलं असतं तर हे काही झालं नसतं."

"हो," मावशी म्हणाली. "काही म्हणजे काहीच झालं नसतं. तेच तर."

थोडं पलीकडे बसलेले विभागप्रमुख उठून जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मावशी, अजूनही वेळ गेलेली नाही. कागद माझ्या खणात आहे."

"खणातच राहू दे, सर. तिथे त्याला हवा लागणार नाही."

दुपारी कुलूप उघडलं. भुकटी आता सुटी, कोरडी झाली होती. परीक्षकांनी नळी भरली. या वेळी पंचाहत्तरला काही हललं नाही. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशीला कडा चमकली, आणि ऐंशी पूर्ण व्हायच्या आत सगळं एकदम स्वच्छ पाणी झालं.

"ऐंशीला वितळणारे इतरही पदार्थ असतात," परीक्षक म्हणाले. पण आवाजातली सकाळची धार गेली होती.

"असतात," मावशी म्हणाली. "म्हणून मिसळून घ्यायचा."

प्राचार्यबाईंनी विचारलं, म्हणजे काय. मावशीने सांगितलं. दोन भुकट्या एकाच पदार्थाच्या असतील तर एकत्र केल्या तरी त्याच अंशाला वितळतात. वेगळ्या असतील तर एकमेकींना खाली ओढतात, मेल्टिंग पॉइंट घसरतो. विभागाच्या लोखंडी कपाटात प्रत्येक पदार्थाचा प्रमाण नमुना असायचा, कंपनीने काचेच्या नळीत वितळवून बंद केलेला, एकेक ग्रॅम. त्याची किल्ली विभागप्रमुखांकडे. ती वापरायची म्हणजे वहीत नोंद, कारण, सही. सर जागचे हलले नाहीत.

प्राचार्यबाई म्हणाल्या, "आणता ना?"

त्यांनी आणली. नळीचं टोक परीक्षकांनी स्वतः तोडलं. निम्मी ती भुकटी, निम्मी पाकिटातली, काचेच्या पट्टीवर एकत्र घोटून नळीत भरली. बर्नर लावला. तेल तापायला लागलं तेव्हा खोलीत बर्नरचाच आवाज होता. पारा सत्तर, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. मावशी थर्मामीटरकडे बघतच नव्हती. ती परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथेच तिला कळलं.

"ऐंशी," ते म्हणाले. आणि मग, "घसरला नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग टेबलावरची चार नंबरची बाटली उघडून नाकाशी नेली. या वेळी डोळे उघडे होते. "काल मला खरोखर आला होता वास," ते कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले. "शपथेवर सांगितलं असतं."

मावशीला क्षणभर त्यांची कीव आली. पण ती म्हणाली, "काल तुम्ही तिला खोडायला सांगितलंत, सर."

"हो."

"तिचा शेरा खोडा."

त्यांनी खोडला. वर लिहिलं, आरोप निराधार, आणि सही केली. वीसपैकी वीस गुण दिले. प्राचार्यबाईंनी बाकीच्या दोघांचं काय, असं विचारलं. परीक्षकांनी त्यांचे कागद पुन्हा वाचले आणि त्यांच्या वासाच्या रकान्याचा एकेक गुण कापला. त्या दोघांनी पुढे तक्रार केली, की आम्ही तर गाइडप्रमाणेच लिहिलं होतं. तक्रारीत काही खोटं नव्हतं.

दारात परीक्षकांनी डावरीला थांबवलं. तिला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "मेल्टिंग पॉइंट तीनदा का घेतलास?"

"पहिल्यांदा बरोबर आला म्हणून, सर. वास नव्हता, आणि आकडा बरोबर. म्हटलं माझंच काहीतरी चुकत असेल."

त्यांनी मान हलवली आणि गेले.

इथे गोष्ट गोड होऊन संपली असती, पण विभागप्रमुख अजून होते. प्रमाण नमुन्याची नळी फोडल्याची नोंद त्यांना स्वतःच्या हाताने वहीत करावी लागली होती, आणि ते त्यांना लागलं होतं. आठ दिवसांनी मावशीच्या हातात पत्र पडलं. आपण लेखी परवानगीशिवाय विभागात रासायनिक पदार्थ तयार केला, हे आपल्या कामाच्या कक्षेबाहेरचं आहे, तरी आपल्यावर कारवाई का करू नये याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

नवऱ्याने पत्र वाचलं आणि दिवा जवळ ओढला. "लिही. मी शुद्धलेखन बघतो. तुझं र्‍हस्व-दीर्घ म्हणजे माझ्या पहिल्या वर्षाच्या शिलाईसारखं आहे."

तिने लिहिलं. तिला वाटलं होतं राग लिहायचाय, पण लिहायला बसल्यावर कृतीच सुचली. तीव्र ॲसिटिक आम्ल इतकं, अमोनियम कार्बोनेट इतकं, चिमूट चिमूट टाकावं. पाणी निघेपर्यंत आच वाढवू नये. नळी थंड ठेवू नये, पदार्थ आत गोठतो. इथाइल ॲसिटेटमधून दोनदा काढावं, वास गेला नाही तर तिसऱ्यांदा. कागदात ठेवू नये. दीड पान भरलं. शेवटी तिने खुलासा केला तो दोन ओळींचा:

"पदार्थ मी तयार केला. परवानगी मागितली होती, ती 'करा काय करायचं ते' अशी मिळाली. पदार्थ शुद्ध आहे, हे बाहेरच्या परीक्षकांनी तपासलं आहे. पुढच्या वर्षी बाटली आली नाही तर पुन्हा तयार करीन. कारवाई करायची असल्यास करावी."

"दोन नाही, पाच वाक्यं झाली," नवरा म्हणाला.

"राहू देत."

"'दिलगीर आहे' कुठे नाही यात."

"नाही."

त्याने एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात गेली. कारकुनाने कागद उलटसुलट बघितला, मधली दीड पानांची कृती वाचताना त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मावशी, आवकवहीत हे कशाखाली लिहू? खुलासा म्हणू की अर्ज?"

"खुलासा," ती म्हणाली. "आणि नाव लिहिताना मावशी नको. प्रयोगशाळा सहायक लिहा."

त्याने लिहिलं. तिने वाकून बघितलं, आकडा आणि तारीख नीट पडली आहे ना याची खात्री केली, आणि पोच घेतली. वर तासाची घंटा झाली होती, दुसऱ्या वर्षाची तुकडी यायची होती, आणि सत्तावीस नळ्या अजून धुवायच्या होत्या.